खाल्लं मीठ कुणाचं?

खाल्ल्या मिठाला जागावं, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. ज्याच्याकडे नोकरी, त्याच्याविषयी चारचौघांत वाईट बोलायचं नाही. पण मालकच कायदा मोडत असेल तर? मग गप्प राहणं ही इमानदारी की भागीदारी?

आमच्या मंडळीतल्या (चर्चच्या सभासदांना आम्ही मंडळी म्हणतो) एका बहिणीने मला मध्यंतरी हेच विचारलं. ती एका छोट्या कारखान्यात हिशेब लिहिते. पंचवीस कामगार, त्यात निम्म्याहून जास्त बायका. दर महिन्याला सगळ्यांच्या पगारातून प्रॉव्हिडंट फंडाचे १२ टक्के कापले जातात. पगाराच्या चिठ्ठीवर तसं छापलेलंही असतं. पण गेले चौदा महिने ते पैसे फंडात भरलेलेच नाहीत! मूळ पगार १० हजार धरला तर माणशी महिन्याला १,२०० रुपये. पंचवीस जणांचे चौदा महिन्यांचे झाले ४ लाख २० हजार. मालकाने स्वतःचा वाटा भरायचा तो वेगळाच.

मालकही आमच्याच मंडळीतले. नवरा गेल्यावर तिला नोकरी दिली ती त्यांनीच. ती म्हणाली, "ताई, त्यांची तक्रार केली तर पाप लागेल का? आणि नाही केली तर?"

तिला गप्प बसवायला पवित्र शास्त्रातले आधार सांगणारे पुष्कळ भेटले. पौलाने दासांना धन्याच्या आज्ञेत राहायला सांगितलंय. दोष काढू नका, असं प्रभूनेच म्हटलंय. क्षमा करा, असंही. हे सगळं शास्त्रात आहेच, मी नाही म्हणत नाही. पण त्याच पौलाने अधिकाऱ्यांच्या अधीन राहायलाही सांगितलंय. कापलेला फंड पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरा, हा नियम त्या अधिकाऱ्यांचाच ना? आणि मजुरांची अडकवून ठेवलेली मजुरी देवाकडे ओरड करते, असं याकोबाच्या पत्रात आहे, ते मात्र कुणी तिला वाचून दाखवलं नाही.

क्षमेचं म्हणाल, तर माझ्यावर झालेल्या अन्यायाची क्षमा मी करू शकते. शेजारणीच्या पैशांची क्षमा मी कोण करणार? फंडातला पैसा हा त्या बायकांचा म्हातारपणाचा आधार, कुणाच्या मुलीच्या लग्नाची बेगमी. तो माफ करायचा अधिकार हिशेब लिहिणाऱ्या बाईला नाही. मंडळीलाही नाही.

मोठ्या कंपन्यांतही हेच होतं. एन्रॉनचं नाव गुहागर-दाभोळमुळे आपल्याला चांगलंच ठाऊक आहे. अमेरिकेत या कंपनीच्या उपाध्यक्ष होत्या शेरॉन वॅटकिन्स. आपली ख्रिस्ती श्रद्धा त्यांनी कधी लपवली नाही. हिशेबात तोटा दडवला जातोय हे लक्षात आल्यावर ऑगस्ट २००१ मध्ये त्यांनी अध्यक्ष केनेथ ले यांना पत्र लिहिलं. ले हे बॅप्टिस्ट उपदेशकाचे चिरंजीव! वॅटकिन्स त्यांना समक्षही भेटल्या. दोनच दिवसांत कंपनीच्या वकिलांचा सल्ला आला होता, तो या बाईंना नोकरीवरून काढलं तर काय होईल, याविषयी. २ डिसेंबर २००१ ला एन्रॉनने दिवाळखोरी जाहीर केली. हजारो कर्मचाऱ्यांची निवृत्तीची पुंजी कंपनीच्याच शेअरमध्ये होती, ती मातीमोल झाली. पुढे २००२ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने वॅटकिन्स आणि आणखी दोघींना वर्षाच्या मानकरी ठरवलं. तरी 'बाई बाहेर सरकारी यंत्रणेकडे का गेल्या नाहीत?' असं विचारणारेही होतेच. म्हणजे बोललं तरी बोल लागतो. मग निदान आपल्या मनाला तरी बोल लागू नये.

मग त्या बहिणीने करावं काय? प्रभूने मत्तयाच्या शुभवर्तमानात क्रम घालून दिलाय. आधी एकट्याने जाऊन सांगा. ऐकलं नाही तर दोघा-तिघांना सोबत न्या. त्यानंतर मंडळीपुढे ठेवा. मला हा क्रम पटतो. मालकांना एकदा स्पष्ट सांगावं, आणि जमलं तर लेखी द्यावं. जक्कयाने फसवणुकीचे पैसे चौपट परत केले होते, यांनी निदान जेवढ्यास तेवढे भरावेत. त्यांनाही सुधारायची संधी मिळते. पण हा क्रम 'घरातलं घरात मिटवा' म्हणून वापरू नये. भावाला समजावणं मंडळीचं काम. कामगाराचा पैसा वसूल करायला प्रॉव्हिडंट फंडाचं कार्यालय आहे. पगारातून कापून न भरलेला फंड हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ प्रमाणे विश्वासघाताचा गुन्हा ठरू शकतो. आता 'आपसातलं' काय राहिलं?

आणखी एक. सगळं ओझं एकटीने डोक्यावर घ्यायची गरज नाही. आपल्या खात्याचं पासबुक प्रत्येक कामगाराला मोबाइलवर उमंग अ‍ॅपमध्ये पाहता येतं. पाचजणींनी पासबुक पाहिलं आणि हातात पगाराच्या चिठ्ठ्या घेतल्या, की तक्रार एकीची राहत नाही. हिशेब लिहिणारीने मात्र एक पथ्य पाळावं. खोट्या कागदावर सही करायची नाही. "साहेब सांगतात, मी फक्त लिहिते," हे उद्या चालणार नाही, कोर्टातही नाही आणि देवापुढेही नाही.

नोकरी जाईल ही भीती खोटी नाही. छोट्या गावात दुसरी नोकरी सहज मिळत नाही, आणि 'हीच ती तक्रार करणारी' हा शिक्का लवकर पुसत नाही. म्हणूनच माझं मागणं मंडळीकडे आहे. अशा बाईसाठी नुसती प्रार्थना करून भागणार नाही. तिच्या घरची चूल चार महिने पेटती ठेवायची तयारी हवी, आणि रविवारी तिच्याशेजारी बसायची हिंमतही.

मैत्रिणींनो, तुम्ही देवळात जात असाल, मशिदीसमोर राहत असाल किंवा चर्चला येत असाल, पेच तोच आहे. मालकाने पगार दिला, त्याची जाण ठेवायलाच हवी. पण त्या कारखान्याची भाकरी पंचवीस जणांच्या घामाने भाजली जाते. खाल्ल्या मिठाला जागायचं, तर त्यांच्या मिठालाही जागायला हवं.