आधी कागद, मग कॉम्प्युटर

मुलांनो,

मागच्या अंकात आपण सायकलचं पंक्चर घरच्या घरी कसं काढायचं ते पाहिलं. आज जरा मोठी उडी मारू या. सुटे भाग आणून घरीच कॉम्प्युटर जोडायचा! घाबरू नका. पंक्चरला जेवढी हत्यारं लागली तेवढीही इथे लागत नाहीत. एक स्क्रू-ड्रायव्हर पुरतो. अवघड काम जोडण्याचं नाही, निवडण्याचं आहे. आणि खिशात मोजकेच पैसे असले की निवडणं आणखी अवघड होतं.

आमच्या आरोंद्यातलीच गोष्ट सांगते. माझी एक जुनी विद्यार्थिनी आता नववीत आहे. एका रविवारी सकाळी ती वही घेऊन दारात हजर.

"बाई, बाबांनी चाळीस हजार रुपये दिलेत. कॉम्प्युटर घ्यायचाय. यादी पण केलीय."

ते पैसे कसे जमले ते मला ठाऊक होतं. दोन हंगामांची काजू-बी विकून बाजूला ठेवलेले, आणि त्यात तिचे स्वतःचे खाऊचे पैसे. एकदा चुकलं की पुन्हा दोन वर्षं थांबायचं! मी यादी पाहिली. पहिल्याच ओळीत काचेची बाजू आणि रंगीत दिवे असलेली पेटी. मग खेळांसाठीचं ग्राफिक्स कार्ड. त्यानंतर पैसे संपले होते. वीज पुरवणारा भाग यादीत नव्हताच. "तो पेटीबरोबर फुकट येतो," असं तिला कुणीतरी सांगितलं होतं.

मी म्हटलं, "अगं, यादी राहू दे. आधी कोरा कागद घे."

कागदाच्या मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे लिहिलं 'काम', उजवीकडे 'हौस'. कामात आलं: शाळेचे प्रकल्प, मराठी टायपिंग, स्क्रॅचमध्ये प्रोग्रॅम लिहिणं, बाबांचा काजूचा हिशोब, आईच्या बचत गटाची वही. हौसेत आलं: मोठे खेळ आणि रंगीत दिवे. हौस वाईट नाही हं! पण अंथरूण पाहून पाय पसरावेत. डावी बाजू पुरी झाल्याशिवाय उजवीकडे एक रुपयाही जाणार नाही, असं आम्ही ठरवलं.

आता कॉम्प्युटरच्या पोटात काय काय असतं ते पाहू. आपलं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आणा. स्वयंपाक करणारी व्यक्ती म्हणजे प्रोसेसर. ओटा म्हणजे रॅम. धान्याची कोठी म्हणजे एसएसडी किंवा हार्ड डिस्क. ओटा लहान असला की आईला पुन्हा पुन्हा कोठीकडे धावावं लागतं आणि जेवायला उशीर होतो. रॅम कमी असली की कॉम्प्युटर रेंगाळतो तो असाच. कोठीतही फरक असतो. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकड्या फिरतात, पुष्कळदा मिनिटाला 7200 वेळा. एसएसडीत काहीच फिरत नाही, म्हणून ती कितीतरी चपळ असते. या सगळ्यांना जोडणारा पाट म्हणजे मदरबोर्ड. आणि चूल? चूल म्हणजे वीज पुरवणारा डबा, एसएमपीएस. घरात 230 व्होल्ट वीज येते. ती जशीच्या तशी आत गेली तर सगळं करपेल. हा डबा तिची 12, 5 आणि 3.3 व्होल्टची सौम्य वीज करून प्रत्येक भागाला वाढतो.

चूल बिघडली तर काय होतं, ते मी स्वतः भोगलंय. माझा पहिला कॉम्प्युटर मी असाच हौसेनं जोडला होता. पैसे वाचवायला पेटीबरोबर आलेला नाव-गाव नसलेला डबा तसाच ठेवला. जुलैची संध्याकाळ होती, बाहेर गडगडाट. वीज गेली, आली, पुन्हा गेली, आणि परत आली ती झटका देऊनच. जळका वास आला. डबा गेला, आणि जाताना मदरबोर्ड आणि हार्ड डिस्कही घेऊन गेला. त्या डिस्कवर माझ्या आईच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. दुसरीकडे कुठेच प्रत नव्हती. आई आता नाही. मदरबोर्ड नवा मिळाला. ओव्या मिळाल्या नाहीत.

म्हणून मुलांनो, माझा पहिला नियम लिहून घ्या. जो भाग बाकीच्यांना राखतो, त्याच्यावर पैसे वाचवायचे नाहीत. दुसरा नियमही तिथेच शिकले. जे पुन्हा मिळणार नाही, त्याची प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवायची.

चला, आता थोडं गणित. आम्ही निवडलेल्या प्रोसेसरवर 65 वॅट लिहिलेले होते. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे मिळून सढळ हातानं 60 वॅट धरले. बेरीज 125. पुढे काही वाढवायचं झालं तर जागा हवी, म्हणून 450 वॅटचा, चांगल्या कंपनीचा, '80 प्लस' खूण असलेला डबा घेतला. या खुणेचा अर्थ असा, की घेतलेल्या विजेपैकी निदान 80 टक्के कामी येते, उरलेली उष्णता होऊन वाया जाते. खूण एवढंच सांगते, बरं का! वीज कमी-जास्त झाली की आपोआप बंद होण्याची सोय आहे का, ते खोक्यावर वेगळं वाचायचं. जोडीला 600 व्हीएचा लहान यूपीएस घेतला. तो साधारण 360 वॅट झेपवतो. आमचा कॉम्प्युटर आणि पडदा मिळून 150 च्या आसपास. म्हणजे वीज गेली तरी काम साठवून नीट बंद करायला वेळ मिळतो.

आता एका अक्षराची गंमत. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असेल तर तो थोडा स्वस्त मिळतो. ही तर पहिल्या यादीत चक्क होता! पण 'एफ' म्हणजे त्याच्यात चित्र दाखवायची सोय नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड घ्यावंच लागतं. नाहीतर पडदा काळा तो काळाच. आमच्या डाव्या बाजूच्या कामांना कार्डाची गरज नव्हती. म्हणून आम्ही रायझन 5 5600जी घेतला. 2021 साली आलेला, सहा गाभ्यांचा. इथे 'जी' म्हणजे चित्राची सोय आतच. एका अक्षरानं एका कार्डाचे पैसे वाचले.

हा प्रोसेसर एएम4 नावाच्या खाचेत बसतो. त्याच्या पोटाखाली बारीक पिना असतात. किती? 1331! पाढे पाठ असणाऱ्यांनी लगेच ओळखलं असेल, 11 × 11 × 11. त्यातली एक वाकली तरी काम अडतं, म्हणून प्रोसेसर कडेनंच धरायचा. मदरबोर्ड घेतानाही त्याच्यावर हीच खाच आहे का ते पाहायचं. रॅमचंही तसंच. डीडीआर4 आणि डीडीआर5 दोन्हींना 288 टोकं असतात, पण मधली खाच वेगळ्या जागी. चुकीची आणली तर बसणारच नाही. जबरदस्ती केलीत तर दोन्ही मोडतील.

रॅमपाशी आमचं घोडं अडलं. 2025 च्या अखेरीस रॅमचे भाव एकाएकी चढले. जगभरातल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि त्याची झळ आरोंद्याच्या वहीपर्यंत पोचली! 16 जीबी घ्यायची होती, पैसे 8 पुरतेच उरले. मग काय, डबा हलका घ्यायचा? ती माझ्याकडे बघायला लागली. मी काहीच बोलले नाही. तिनंच वहीत लिहिलं, 'रॅम 8. एक जागा रिकामी. पुढच्या काजूला भरू.' मला फार बरं वाटलं. रॅम नंतर वाढवता येते. जळलेला मदरबोर्ड नंतर वाढवता येत नाही.

रिकामी जागा ठेवून सुरुवात करण्यात कमीपणा नाही. आपल्या पुण्यातच बघा ना. 1988 साली तिथे सी-डॅक ही संस्था सुरू झाली. परदेशातून हवा तसा महासंगणक मिळत नव्हता. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे डॉ. विजय भटकर आणि त्यांचे सहकारी यांनी मग एकच अवाढव्य यंत्र करण्याचा नाद सोडला. बाजारात मिळणाऱ्या ट्रान्सप्यूटर नावाच्या लहान लहान चिप्स एकमेकींना जोडल्या, आणि 1991 मध्ये 'परम 8000' उभा राहिला. हातात काय आहे आणि काम काय आहे, एवढं नीट जुळवलं की असं होतं.

खरेदीला कुठे जायचं? काही भाग सावंतवाडीत मिळतात, काही म्हापशाला. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड तर सुट्या भागांचं माहेरघरच. तो मोठा बाजार असला तरी नियम तेच. जीएसटीचं पक्कं बिल घ्या. प्रोसेसर सीलबंद खोक्यातला घ्या. सुटा मिळतो तो स्वस्त, पण त्याच्या वॉरंटीची खात्री करावी लागते.

आणि एक काम खरेदीच्याही आधीचं: अर्थिंग. आपल्या जांभ्या दगडाच्या जमिनीत उन्हाळ्यात ओल टिकत नाही आणि अर्थिंगचा खड्डा सुकून जातो. तिच्या बाबांनी वायरमनला बोलावून तो तपासून घेतला. मुलांनो, हे काम मोठ्यांचंच. आणि एसएमपीएसचा डबा कधीही उघडायचा नाही. वायर काढून ठेवली तरी आत वीज साठून राहिलेली असू शकते.

जोडायला आम्हाला दुपार लागली. तिचे आजोबा खुर्ची ओढून बसले होते. "गो बाय, ह्या येवढ्याशा खोक्यात काय काय मावता गो?" असं विचारत होते. शेवटी बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, पडदा मात्र काळा! तिचे डोळे भरून आले. दोन हंगामांची काजू होती ना ती. मी म्हटलं, "थांब, वायर काढ. रॅम बाहेर घे, पुन्हा बसव." या वेळी तिनं दोन्ही टोकांना अंगठे दाबले. टक! असा आवाज आला. मघाशी तो आवाज झालाच नव्हता. पुन्हा बटण दाबलं आणि पडद्यावर अक्षरं उमटली. उबुंटू ही फुकट मिळणारी प्रणाली घातली, त्यामुळे तिथेही पैसे लागले नाहीत.

पहिली फाईल तिनं कसली केली असेल? आजोबांना माळ्यावरच्या जुन्या गोष्टी सांगायला लावल्या आणि त्या टाईप केल्या. मग एक प्रत पेनड्राईव्हवर ठेवली. मी सांगितलं नव्हतं.

पालकांसाठी दोन शब्द. जुना कॉम्प्युटर स्वस्तात मिळत असेल तर जरूर पाहा, पण विंडोज 10 ला मिळणारी मोफत मदत 14 ऑक्टोबर 2025 ला संपली आहे आणि बऱ्याच जुन्या यंत्रांवर विंडोज 11 रीतसर चालत नाही. अशा वेळी लिनक्स कामी येतं. आणि यादी मुलांनाच करू द्या. चुकली तर कागदावरच चुकू दे. खोडरबर स्वस्त असतो.

आता तुमचं काम. एक कागद घ्या, मधोमध रेघ मारा. कॉम्प्युटरच हवा असं नाही. सायकल असो, क्रिकेटची बॅट असो, जे घ्यायचंय त्याचं 'काम' आणि 'हौस' लिहा. मग त्यातला राखणारा भाग कोणता, त्याभोवती गोल करा. सायकलमध्ये तो कोणता? विचार करून ठेवा. पुढच्या अंकात सांगते.

तुमची,
बाई