नळ्यांचा एक्स-रे : भीती किरणांची, काळजी हवी तारखेची

वरळीच्या बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत कुणाची कुठली तपासणी आहे, हे लपून राहत नाही. लग्नाला दोन-तीन वर्षे झालेल्या सुनेला डॉक्टरांनी ‘नळ्यांचा एक्स-रे’ सांगितला, की गॅलरीत सल्ले सुरू होतात : किरणांनी बीज जळेल, पुढे मूल अधू होईल. या धास्तीने तपासणी महिनोन् महिने पुढे ढकलली जाते. म्हणूनच ही भीती कितपत खरी, हे पाहायला हवे.

एचएसजी नावाच्या या तपासणीत गर्भाशयात आयोडीनयुक्त द्रव सोडतात आणि तो दोन्ही गर्भनलिकांतून पुढे जातो का, हे एक्स-रेवर पाहतात. त्यात अंडाशयांना सहसा काही मिलीग्रे एवढाच किरणोत्सर्ग मिळतो. कर्करोगासाठी ओटीपोटाला देतात ते, स्त्रीबीजांची खरी हानी करणारे किरण हजारो मिलीग्रे असतात. हिरोशिमा-नागासाकीच्या बॉम्बहल्ल्यांतून वाचलेल्यांना पुढे झालेल्या हजारो मुलांची पाहणी झाली. त्यांच्यातही आई-वडिलांना लागलेल्या किरणांमुळे जन्मजात दोष वाढल्याचे सिद्ध झालेले नाही.

जपायचे ते तारखेला. पाळीचा रक्तस्राव थांबल्यावर, पण पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून दहा दिवसांच्या आत ही तपासणी करावी. तोवर स्त्रीबीज बाहेर पडलेले नसते, त्यामुळे पोटात नकळत गर्भ असण्याची शक्यता जवळपास उरत नाही. पाळी अनियमित असेल, तर आधी गर्भचाचणी हवीच. आयोडीनची अॅलर्जी, थायरॉइडचा त्रास किंवा ओटीपोटात जंतुसंसर्ग असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे. नंतर ताप आला किंवा दुर्गंधीयुक्त स्राव सुरू झाला, तर लगेच रुग्णालय गाठावे.

टाळाटाळीची किंमत मात्र मोठी आहे. आपल्याकडे नळ्या बंद होण्यामागे जननमार्गाचा क्षयरोग हे एक महत्त्वाचे कारण आहे. दाटीच्या, हवा न खेळणाऱ्या खोल्यांत क्षय सहज पसरतो. फुप्फुसातून रक्तावाटे तो नळ्यांपर्यंत पोहोचतो आणि अनेकदा वर्षानुवर्षे जाणवतही नाही. वेळीच संशय आला, तर पुढच्या तपासण्या आणि औषधोपचार करता येतात. दोन्ही नळ्या बंद असल्या, तरी वाट संपत नाही. चाळीपासून फार दूर नसलेल्या परळच्या केईएम रुग्णालयातच ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला.

आणखी एक गोष्ट. नवऱ्याची वीर्यतपासणी स्वस्त आणि वेदनारहित असते. ती आधी व्हायला हवी. बाईला टेबलावर झोपवायचे आणि पुरुषाला विचारायचेही नाही, हे वैद्यकशास्त्र नव्हे. रुग्णालयांनीही तपासणीची तारीख देताना या साऱ्या गोष्टी सोप्या मराठीत छापून हातात द्याव्यात. मग गॅलरीतल्या सल्ल्यांवर कुणाला विसंबावे लागणार नाही.