झाडाचा मारेकरी कोण?

नॉर्वेंतील जंगलें बहुतांशीं शेतकरी कुटुंबांच्या मालकीचीं आहेत. स्प्रूस हा तेथील मुख्य सूचिपर्णी वृक्ष. तो आजोबांनीं लावावा आणि नातवानें तोडावा, असा तेथील क्रम. १९६९ सालच्या वादळानें पुष्कळ झाडें आडवीं केलीं, मागून अवर्षणाचीं वर्षें आलीं, आणि १९७१ ते १९८१ या काळांत तांदळाच्या दाण्याएवढ्या सालकिड्यानें सुमारें ५० लक्ष घनमीटर लाकूड उभ्याउभ्या वाळविलें. किड्यांस भुलविणाऱ्या गंधद्रव्याचे लक्षावधि सापळे लाविले गेले. कित्येक घराण्यांची दोन पिढ्यांची ठेव त्या दहा वर्षांत गेली.

परंतु एवढासा किडा एवढा वृक्ष मारतो कसा? ओस येथील वनसंशोधन संस्थेंतील हाल्वोर सोल्हेइम यांच्या कारकीर्दीचा मोठा भाग या प्रश्नानें व्यापला आहे. किडा सालींत शिरतो तो आपल्या अंगावरून बुरशीचीं बीजें घेऊन. तीं रुजलीं कीं पाणी चढविणारें बाहेरचें लाकूड निळें पडतें व झाड तहानेनें मरतें, असा संशय होता. संशय म्हणजे पुरावा नव्हे. तेव्हां हॉर्न्टवेट, क्रिस्टियान्सेन, वांग व सोल्हेइम यांनीं निरोगी झाडांच्या खोडांस दाटीनें छिद्रें पाडून त्यांत नुसती बुरशी भरली. किडा एकहि नाहीं. तरी झाडें मेलीं! हा वृत्तांत १९८३ सालीं प्रसिद्ध झाला.

सर्वांत जहाल ठरली ती १९३९ सालीं पोलंडांत प्रथम वर्णिलेली पोलोनिका नांवाची बुरशी. ओल्या लाकडांत प्राणवायु थोडा, राळ मात्र मुबलक. अशा ठिकाणीं हीच आधीं घुसते व इतर जाती मागाहून येतात, हा क्रम सोल्हेइम यांनीं लाकडाचे तुकडे तपासून लाविला. काम कंटाळवाणें खरें, पण शास्त्राचा पाया अशाच कामावर उभा राहतो.

पुढें एक मौज आढळली. ज्या झाडास आधीं थोडीशी बुरशी टोंचली होती, तें पुढील मोठ्या हल्ल्यास अधिक चांगलें तोंड देतें. मुलांना देवी टोंचीत, त्यांतलाच हा प्रकार! १९९९ सालच्या त्या निबंधावर सोल्हेइम यांचेंहि नांव आहे.

खरा मारेकरी बुरशीच, हें मात्र सर्वांस मान्य नाहीं. प्रयोगांत भरलेली बुरशी फार दाट होती. जंगलांत तीच एकटी झाड मारते काय, असा आक्षेप आहे, आणि आम्हांस तो पोकळ वाटत नाहीं.

२००८ सालीं नॉर्वेंत ॲश वृक्षांचे शेंडे वाळूं लागल्याचें उघड झालें, तेव्हां या संशोधकाची दृष्टि तिकडेहि वळली. ती बुरशी मूळची पूर्व आशियांतील. तेथील ॲशला ती फारशी बाधत नाहीं, युरोपांतील ॲशला मात्र मारक ठरते. नॉर्स पुराणांतील विश्ववृक्ष ॲशच मानला जातो. थोडीं झाडें या रोगांतहि हिरवीं राहतात, व आतां त्यांचींच बीजें जपून ठेवण्याचा प्रयत्न युरोपांत ठिकठिकाणीं चालला आहे.