पट्टीवरची रेघ

अफू आपल्या घरांना नवी नाही. पूर्वी खुरपणीला जाताना रडव्या लेकराला अफूची मात्रा चाटवून निजवीत. पुढे शहरांत गर्द आला. त्याचा विळखा पाहून डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केले, पु. ल. देशपांडे यांनी त्याला हातभार लावला. आता ट्रामाडॉलसारख्या दुखण्यावरच्या गोळ्यांचीही सवय लागते.

शेतकरी बंधुभगिनींनो, अशा व्यसनात सापडलेल्या पोराला घेऊन तुम्ही गंगापूरहून एस.टी.ने छत्रपती संभाजीनगरला घाटी रुग्णालयात गेलात, किंवा दुसरीकडे कुठे उपचाराला नेलेत, आणि तिथे लघवी तपासायची म्हणून बाटली हाती दिली, तर बिचकू नका. ही पोलिसांची झडती नव्हे. औषध लागू पडते आहे की नाही, हे डॉक्टरांना त्यावरून कळते.

गर्दाचे शरीरात मॉर्फिन होते आणि ते लघवीवाटे बाहेर पडते. दोन-तीन दिवस त्याचा माग लागतो, पुढे नाही. सोमवारी घेतलेला माणूस शनिवारी सुटू शकतो, म्हणून तपासणी अचानक घेतलेली बरी. बाटलीत नळाचे पाणी घालणारे बहाद्दरही असतात; पण ताजी लघवी कोमट असते, बाटली हाती घेताच ते उमगते.

आता पट्टीचे. दिवस गेल्याची तपासणी आयाबायांना ठाऊक आहे. तिथे दोन रेघा म्हणजे ‘आहे’. इथे उलटे! दोन रेघा म्हणजे नशा सापडली नाही, मग दुसरी रेघ फिकी का असेना. वरची खुणेची एकच रेघ उमटली तर सापडली. दुकानातून पट्टी आणून घरीच न्यायनिवाडा करणाऱ्यांनी हे आधी ध्यानात घ्यावे.

आणि सापडली तरी लगेच पोराला दाराबाहेर काढू नका. खसखस अफूच्याच बोंडातली. खसखशीची खीर भरपूर खाल्ली तरी पट्टी बोट दाखवू शकते. याच कारणाने अमेरिकेत नोकरदारांच्या तपासणीची मर्यादा १९९८ साली मिलीलिटरला ३०० वरून २००० नॅनोग्रॅम केली. कोडीन असलेले खोकल्याचे औषधही तसेच. म्हणून काय खाल्ले, काय प्याले, ते डॉक्टरांना सांगावे व मोठ्या यंत्रावर फेरतपासणी मागावी. उलट ट्रामाडॉल साध्या पट्टीवर दिसतच नाही, त्याची पट्टी निराळी. जिभेखाली ठेवायच्या ब्युप्रेनॉर्फिन गोळीचीही निराळीच. तीवरून पोरगा गोळी घेतो की परस्पर विकतो, हे कळते.

फेरतपासणीतही नशा निघाली तर औषध बंद करू नका, वाढवायचे का ते डॉक्टर ठरवतील. मला सर्वांत भय वाटते ते मारझोडीने घर सोडून गेलेल्या पोराचे. काही दिवस सुटलेल्या शरीराला जुनी मात्रा सोसत नाही, श्वास थांबतो. अडचण वाटल्यास १४४४६ हा सरकारी फोन फुकट आहे.