लागतो, पण येत नाही

परवा मावशी रुसली. कल्याणहून डोंबिवलीला आईकडे तिने तीन दिवस फोन केले, एकदाही लागला नाही. आणि इकडे आईचं म्हणणं, "तिला सवड कुठे आहे आता माझ्यासाठी!" दोघी सत्तरीच्या पुढच्या, दोघींचे स्वभाव तुम्हाला ठाऊक आहेतच. (नातेवाईक मंडळी हे वाचतात, म्हणून इथेच थांबतो.)

मावशीच्या मोबाईलमध्ये नंबराआधी ०२५१ आहे की नाही ते आधी पाहिलं. होतं. म्हणजे भानगड आईकडे.

आईची तांब्याच्या तारेची लँडलाईन गेली आणि तिच्या जागी इंटरनेटवर चालणारी फोनची डबी आली, राउटरला जोडलेली. हँडसेट जुनाच, आवाज उलट जास्त स्वच्छ. इथून कुणालाही फोन लागायचा. मग बिघाड आहे असं आईला वाटणार तरी कसं? जो वाजलाच नाही, त्याची तक्रार कोण करणार? जाणारा फोन बंद पडला तर घरात लगेच कळतं. येणारा बंद पडला तर कळतं पलीकडच्याला, आणि त्याला वाटतं मुद्दाम उचलत नाहीत.

मेकॅनिक दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा त्याने आईच्या फोनवरून आपल्या मोबाईलला रिंग दिली, मग मोबाईलवरून आईच्या नंबरला. वाजला! "आजी, सगळं ओके आहे." तो गेला आणि अर्ध्या तासात फोन पुन्हा मुका.

गोम त्या क्रमातच होती. ही डबी एसआयपी नावाच्या पद्धतीने चालते, जिची मुख्य नियमावली २००२ची. डबी ठरावीक वेळाने कंपनीच्या सर्व्हरला हजेरी देते, की मी इथे आहे. पण मध्ये राउटर बसलाय, सोसायटीच्या वॉचमनसारखा. आतून कुणी बाहेर काही पाठवलं की परत येणाऱ्यासाठी तो फाटक थोडा वेळ उघडं ठेवतो आणि मग विसरतो. हे फाटक निदान २ मिनिटं, शक्यतो ५ मिनिटं उघडं ठेवावं अशी २००७ची शिफारस आहे. बरेच राउटर त्याआधीच विसरतात. आईची डबी हजेरी द्यायची तासातून एकदा! बाकी वेळ मावशी फाटकाबाहेर. मेकॅनिकने आधी आतून फोन लावला, म्हणजे फाटक स्वतःच उघडलं, आणि मग त्यातूनच आत येऊन म्हणाला, उघडंच आहे की!

डबीच्या सेटिंगमध्ये 'कीप-अलाईव्ह' बंद होतं, ते दर ३० सेकंदांवर चालू केलं. राउटरमधलं 'एसआयपी एएलजी' बंद केलं. ते असतं मदतीला, पण पुष्कळदा घोळच घालतं. दहा मिनिटांचं काम.

माझं म्हणणं एवढंच, की अशा फोनची तक्रार बंद करण्याआधी अर्धा तास आतून एकही फोन न लावता बाहेरून रिंग देऊन बघायला हवी. म्हाताऱ्या माणसांच्या घरात फोन असतो तो मुख्यतः येण्यासाठी. आई स्वतःहून महिन्यात चार फोन करत असेल नसेल.

आणि वीज. जुन्या फोनला ४८ व्होल्ट त्याच तारेतून एक्स्चेंजकडून यायचे, तिथे बॅटऱ्या असायच्या. म्हणून लोडशेडिंगच्या काळात घरात मिट्ट काळोख आणि फोन मात्र खणखणतोय, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. फायबरमधून उजेड येतो, वीज येत नाही. डबी, राउटर आणि जिन्यातली केबलवाल्याची पेटी, यातल्या एकाचीही वीज गेली की संपलं. पहिल्या दोघांना मी छोटा यूपीएस लावलाय, तिसरी केबलवाल्याच्या हातात. जोडणी देताना हे कुणी आपणहून सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

असो. आता रोज दुपारी चारला मी ठाण्याहून आईला मिस्ड कॉल देतो. दोनच रिंग, उचलायचं नाही असं ठरलंय. काल कामात विसरलो, तर साडेचारला मावशीचा फोन. "अरे, आईचा फोन बिघडलाय का? ती म्हणते, आज वाजला नाही."

"मावशी, तिने तुला हे सांगितलं कसं?"

"मीच केला होता ना तिला!"