नमुना सदनिका नव्हे, जुनी इमारत पाहा

स्थावर संपदा कायदा १ मे २०१७ रोजी पूर्णपणे लागू झाला आणि ‘महारेरा’ची नोंदणी म्हणजेच बिल्डरच्या दर्जाचा दाखला, असा समज रूढ झाला. हा समज महागात पडणारा आहे. नोंदणीमुळे मंजुऱ्या, ताब्याची मुदत आणि प्रकल्पावरील खटले पाहता येतात; बांधकामाची प्रत मात्र कळत नाही. ताब्यानंतर ५ वर्षांच्या आत निदर्शनास आणलेला बांधकामातील दोष ३० दिवसांत विनामूल्य दूर करण्याचे बंधन कायद्याने बिल्डरवर घातले आहे, हे खरे. परंतु तोवर ग्राहकाची आयुष्यभराची पुंजी त्यात अडकलेली असते.

वरळीच्या कॅम्पा कोला संकुलातील अनधिकृत मजल्यांचे वीज-पाणी २०१४ मध्ये तोडले गेले, तेव्हा झळ बसली ती रहिवाशांना. म्हणूनच झगमगीत नमुना सदनिकेला न भुलता ग्राहकाने त्याच बिल्डरच्या पाच-सहा वर्षे जुन्या इमारतीत, शक्यतो भर पावसाळ्यात, जावे. भिंतींना ओल येते का, भोगवटा प्रमाणपत्र मिळाले का, जमिनीचे अभिहस्तांतरण सोसायटीच्या नावे झाले का, हे तेथील रहिवाशांना विचारावे. बिल्डरचे खरे प्रगतिपुस्तक त्यांच्याकडेच असते.