तळघरातली घरघर

मंडळी, गेल्या अंकातल्या इडलीच्या पिठानंतर (थंडीत फुगत नाही म्हणणाऱ्यांनी ओव्हनचा नुसता दिवा लावून भांडं आत ठेवावं) या वेळी दगड.

बाबा ऑक्टोबरात नेवाशाहून लव्हालला आले ते नातीसाठी मोज्यात बांधून प्रवरेकाठच्या चार गारगोट्या घेऊन. धुऊन-पुसून स्वच्छ. १९५४ ते ५६ या काळात डॉ. सांकलियांनी नेवाशाला उत्खनन केलं, तिथे अश्मयुगातल्या माणसाची दगडी हत्यारं सापडली, हे बाबांनी नातीला पहिल्याच रात्री सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "आजोबा, हे चमकवता येतील?"

येतात. रबरी अस्तराच्या पिंपात दगड, पाणी आणि सिलिकॉन कार्बाइडची पूड घालायची आणि मोटरवर पिंप रात्रंदिवस लोळवायचं. खंबायतचे अकीकवाले पूर्वी हेच काम चामड्याच्या पिशवीत करत. आत मणी आणि कुरुंदाची पूड, दोन टोकांना दोन माणसं, आणि पंधरवडाभर ओढाओढ.

आता प्रश्न आला, यंत्र विकत घ्यायचं की घरी करायचं? आमच्यातला अर्धा भाग इंजिनिअर आहे. तो म्हणाला, "एक मोटर आणि दोन रूळ, त्याला पैसे कशाला?" उरलेला अर्धा म्हणाला, "बाबांचं तिकीट होळीच्या आधीचं आहे." इंजिनिअरने ते ऐकलं नाही.

गणित मात्र सुरेख जमलं. शेजाऱ्यांनी जुनी फर्नेस काढली, तिच्या पंख्याची मोटर फुकट मिळाली. मिनिटाला १७२५ फेरे. मोटरला दीड इंची पुली, रुळाला दहा इंची. पाऊण इंची सळईवर रबरी नळी चढवून रूळ सव्वा इंचाचा झाला. सहा इंची प्लास्टिकच्या पाइपचं पिंप त्यावर मिनिटाला ४९ फेरे घेणार. त्या मापाचं पिंप १०८ च्या आसपास गेलं तर दगड कडेला चिकटूनच फिरतात, घासत नाहीत. साधारण निम्मा वेग हवा, तो बरोबर मिळाला.

गळलं ते झाकण. डिसेंबर पहिल्या झाकणात गेला, जानेवारी दुसऱ्यात. तिसऱ्या वेळी रात्री दोन वाजता तळघरात राखाडी चिखल पसरला आणि बाबा धोतर सावरत पोछा घेऊन आमच्या आधी खाली पोचले. "राहू दे रे," एवढंच म्हणाले. त्या रात्री आम्हा दोघांनाही तिकिटाची तारीख आठवली.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तयार यंत्र आणलं. तीन पौंडांचं पिंप, जाड रबराचं, न गळणारं. सुट्या भागांवर तोवर झालेला खर्च धरला तर बचत जवळजवळ शून्य. वर विजेचं बघा. छोट्या यंत्राला पंचवीसेक वॅट लागतात, आमच्या फर्नेसच्या मोटरला तीनशेच्या घरात. महिनाभर अखंड चालवली तर दोनशे युनिटं! (इंजिनिअरचं म्हणणं, इथे घर विजेवरच तापतं, ती उष्णता कुठे वाया जाते? हिवाळ्यापुरतं खरं आहे.)

म्हणून आमचा सल्ला असा: पहिलं यंत्र विकत घ्या. घरी करायची हौस असेल तर सांगाडा करा, पिंप मात्र तयार आणा. मोटर सतत चालणारीच हवी. पिंप दोन तृतीयांश ते पाऊण भरा. कमी भरलं तर दगड आपटून फुटतात. रोज एकदा झाकण उघडा, कारण आत वायू साठू शकतो. आणि तो चिखल मोरीत ओतू नका, सिमेंटसारखा बसतो. आम्ही बादली गराजमध्ये ठेवली, लव्हालच्या थंडीत तिचा ठोकळा झाला.

लेकीने परसातला एक खडाही गुपचूप आत टाकला होता. आपलं लव्हाल चुनखडीवर वसलेलं. चुनखडीचा कठीणपणा तीन, गारगोटीचा सात. आठवड्याने खडा जवळजवळ नाहीसाच! ती रडली, बाबा हसले, मग दोघांनी मिळून चिखलात त्याचा शेवटचा तुकडा शोधला.

एकूण चार पायऱ्या. पहिली जाड पूड ६०/९० ची, मग १२०/२२०, मग ५००, शेवटी ॲल्युमिनियम ऑक्साइडची चकाकी. प्रत्येकीला आठवडा, आणि दोन पायऱ्यांमध्ये दगड, पिंप सगळं घासून धुवायचं. जाड पुडीचा एक कण राहिला तरी चकाकीवर ओरखडे. आमची पहिली पायरी दोनदा करावी लागली. बाबांच्या विमानाच्या आदल्या दिवशी तिसरी कशीबशी सुरू झाली होती.

निघताना बाबांनी पिंप उघडायला लावलं. चारांतली एक गारगोटी, अजून धुरकटच, त्यांनी रुमालात बांधून घेतली. उरलेल्या तीन आत गेल्या, झाकण बसलं, घरघर पुन्हा सुरू झाली. विमानतळावरून परत आलो तेव्हा घर शांत होतं, पण जिन्यातून ती ऐकू येत होती.

पंधरवड्याने फोन आला. ख्यालीखुशाली नाही, हवापाणी नाही. "उघडलं का पिंप?"

"उद्या, बाबा."

"तिला उघडू दे. तू हात लावू नकोस."